आधी बाईला विचारा

निवडणूक ड्यूटीच्या प्रशिक्षणात एक प्रश्न ठरलेला. "अंध मतदार आला तर काय कराल?" सभागृहातले शे-दोनशे मास्तर-बाई एका सुरात ओरडतात, "सोबत्याला आत सोडायचं!" आणि सगळ्यांचं लक्ष चहाकडे वळतं.

उत्तर अर्धंच बरोबर. १९६१च्या निवडणूक नियमांतला ४९-एन हा नियम काढून बघा. मतदाराला मदतीशिवाय चिन्ह ओळखता येत नाही किंवा बटण दाबता येत नाही, अशी केंद्राध्यक्षाची खात्री पटली, तरच किमान अठरा वर्षांचा सोबती आत जातो. एका दिवसात एकालाच सोबत करीन आणि मत गुप्त ठेवीन, असं त्याच्याकडून लिहूनही घ्यायचं असतं. पण खात्री पटवून घ्यायची तर मतदाराशी बोलावं लागतं. माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत बघितलं, केंद्रावर बाईशी कुणी बोलतच नाही. बोलतात ते तिच्या नवऱ्याशी.

महापालिकेच्या हद्दीतल्या हर्सूलच्या एका शाळेत मी केंद्राध्यक्ष होते. आदल्या रात्री मुक्काम तिथेच. बाकं जोडून झोपायचं, डास मारायचे आणि पहाटे चाचणी मतदानासाठी उठायचं. दहाच्या सुमाराला एक जोडपं आलं. नवऱ्यानं दोन्ही ओळखपत्रं पुढं केली. "हिला दिसत नाही, मी दाबतो." पहिल्या क्रमांकाच्या अधिकाऱ्यानं मान डोलावून कागदही पुढं सरकवला. तेवढ्यात बाई म्हणाली, "ब्रेलचा कागद आलाय ना तुमच्याकडं?"

आला होता, पण कुठल्या पाकिटात? केंद्राध्यक्षाला मिळणाऱ्या पाकिटांचा पसारा ज्यानं बघितलाय त्यालाच ते शोधणं कळेल. ब्रेल मतपत्रिका अगदी तळाशी निघाली. रांग कुरकुरली, एका पक्षाचा प्रतिनिधी घड्याळ बघायला लागला. बाईनं उभ्याउभ्या कागदावरून बोट फिरवलं, आपल्या उमेदवाराचा क्रमांक मनात धरला आणि एकटी आत गेली. यंत्रावर बटणाशेजारी क्रमांक ब्रेलमध्ये असतोच. बीप वाजला. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती मात्र तिच्या उपयोगाची नव्हती. चिठ्ठी छापणाऱ्यांनी तेवढा विचार अजून केलेला नाही.

बाहेर नवऱ्यानं विचारलं, "कुणाला दिलं?"

"मशीनला माहीत."

रांगेतल्या बायका हसल्या. नवराही हसला, पण जरा उशिरानं.

घरी जाऊन मत घेण्याची सोय आली तेव्हा हेच नाटक घरात झालं. २०२४च्या लोकसभेला ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना आणि ८५ वर्षांवरच्यांना ती मिळाली. बारा-डी नमुना आधी भरायचा, मग पथक येतं, सोबत कॅमेरा आणि पोलीस. पथकातल्या एका मैत्रिणीनं सांगितलेला किस्सा. खाटेवर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला तर आडोशाच्या आत चार डोकी, लेक, सून, नातू आणि शेजारचा एक कार्यकर्ता. "आजीला कळत नाही हो." मैत्रिणीनं सगळ्यांना ओसरीवर पिटाळलं. आजीला सगळं कळत होतं, फक्त हात थरथरत होता.

ही सोय चांगलीच. तरी ज्यांना बाहेर पडणं शक्य आहे त्यांनी केंद्रावर यावं असं माझं मत आहे. चाकाची खुर्ची रांगेत दिसली की पुढच्या वेळी रॅम्प मागायला तोंड राहतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं ११वं कलम सगळी मतदान केंद्रं सुगम करा म्हणतं. ते अमलात आणायचं तर कुणीतरी पायरीपाशी अडलेलं दिसावं लागतं.

निवृत्तीनंतर नोकरीच्या नियमांचं दडपण गेलं आणि पडद्याची दुसरी बाजू बघायला मिळाली. दिव्यांग बायकांच्या एका गटाबरोबर मी तिकिटं मागायला हिंडले. कार्यालयं बहुतेक पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिना चढून गेलो की पहिला प्रश्न, "ताई, पण तुम्ही फिरणार कशा?" हा प्रश्न मी कुठल्या पुरुष उमेदवाराला विचारलेला ऐकला नाही. तोही गाडीतच बसून फिरतो.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी चाकाच्या खुर्चीवरून १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली. नगरला वर्षानुवर्षं राहिलेल्या दीपा मलिक यांनी २०१६ला रिओत रौप्यपदक आणलं, २०२०ला त्या देशाच्या पॅरालिंपिक समितीच्या अध्यक्ष झाल्या. समाजसेवेत, खेळात आपण अशा बाईला नेता मानतो. वॉर्डात आली की फिरण्याचा प्रश्न निघतो.

त्याचं उत्तर दिंडोरी तालुक्यानं देऊन झालंय. दहेगाव-वागळूदच्या कविता भोंडवे पोलिओमुळे कुबड्या घेऊन चालतात. २०११ला पंचविशीत सरपंच झाल्या, पुढच्या वेळीही लोकांनी त्यांनाच निवडलं. वडील पंधरा वर्षं सदस्य होते, पण लिहिता-वाचता येत नसल्यानं कारभारात त्यांना फारसा भाग घेता आला नव्हता. लेकीनं कागद हातात घेतले. सुरुवातीला कुबड्यांवरून टवाळी झाली. मग रस्ते, पाणी, घरकुलं मार्गी लागली. सरपंचाचं काम निम्मं कागदाचं आणि निम्मं पाठपुराव्याचं असतं, पायांचं त्यात फार थोडं.

महाराष्ट्रात २०११पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या. दिव्यांगांसाठी राखीव जागा नाही. तामिळनाडूनं २०२५ला कायदा करून स्थानिक संस्थांत दिव्यांग सदस्य नेमायचं ठरवलं. आपल्याकडे महापालिकेत स्वीकृत नगरसेवकाची वाट आधीपासून आहे, ती सहसा पडलेल्या उमेदवारांची सोय लावायला वापरतात. त्यातली एक जागा दिव्यांग बाईला द्यायला कुणाचं काय जातं?

माझं केंद्र होतं त्या हर्सूलची एक गोम आहे. एकेकाळचं हे गाव महापालिकेत आलं आणि ग्रामसभा गेली. गावात निदान ग्रामसभेआधी महिलांची सभा भरवावी लागते, तिथं कुणीही बाई उठून विचारू शकते, की दिव्यांगांसाठीचा ५ टक्के निधी कशावर खर्च केला? शहरात हा निधी महापालिकेलाही खर्चावा लागतो, पण उठून विचारायला बैठकच भरत नाही. नगरसेवकाला गाठा नाहीतर अर्ज टाका. शहरातली बाई इथं खेड्यातल्या बाईपेक्षा मागं पडते, हे मला फार उशिरा कळलं.

परवाच्या प्रचारात एका पक्षाचा पोरगा आमच्या गटातल्या चाकाच्या खुर्चीवरल्या बाईकडे आला. "ताई, सभेला या, तुम्हाला स्टेजवर बसवतो. फोटो मस्त येईल."

"रॅम्प आहे स्टेजला?"

"चार पोरं उचलतील की."

"मग भाषण पण त्यांनाच करू दे."

पोरगा गेला. तासाभरानं पुन्हा फोन, "माईक खाली देतो, चालेल?" ती गेली. स्टेजच्या खालून बोलली, नळाला पाणी किती दिवसांनी येतं आणि चाकाच्या खुर्चीवरून हंडा कसा भरायचा यावर. वर बसलेल्या उमेदवाराला खाली वाकून ऐकावं लागलं. भाषण संपल्यावर तिनं त्याच्याकडून दोन गोष्टी लिहून मागितल्या. वॉर्डाची बैठक तळमजल्यावर होईल आणि ती महिन्याला होईल. कागदावर त्यानं सही केली, तारीख टाकायचं विसरला. तिनं तिथंच पेन परत दिलं आणि तारीख घालून घेतली.