दुसरा कॅमेरा कोणाकडे वळवायचा?

महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे मार्च २०२० मध्ये बंद झाली, १६ नोव्हेंबरला दिवाळीच्या पाडव्याला उघडली, ५ एप्रिल २०२१ ला पुन्हा बंद झाली आणि त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, परत उघडली. वाशिम जिल्ह्यात या तारखांची झळ सगळ्यांनाच बसली. बंजारा समाजाची काशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पोहरादेवीची मोठी यात्रा रामनवमीला भरते. २०२० ची रामनवमी २ एप्रिलला, म्हणजे ऐन टाळेबंदीत आली. त्याच महिन्याच्या १० तारखेला उत्तम शुक्रवार आणि १२ ला ईस्टर होता. ख्रिस्ती मंडळींनी दोन्ही दिवस घरात काढले. पुढच्या वर्षीचा ईस्टर ४ एप्रिलला निर्बंध पाळत कसाबसा पार पडला आणि दुसऱ्याच दिवशी चर्चची दारे पुन्हा लागली. या काळात ठिकठिकाणच्या चर्चमध्ये मोबाइल स्टँडवर लागला आणि पाळकांचा संदेश थेट घरोघरी जाऊ लागला. दारे उघडल्यावर तो मोबाइल उतरवला जाईल असे वाटले होते; झाले उलटेच. एकाचे दोन, दोनाचे तीन कॅमेरे झाले. या वाटचालीकडे मागे वळून पाहताना एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो: वाढलेला कॅमेरा कोणाकडे वळला? तो पाळकांचा चेहरा आणखी जवळून दाखवण्यासाठी वापरला, तर पैसा वाया गेला. तो बाकांवर बसलेल्या मंडळीकडे वळला, तरच घरी बसलेल्याच्या पदरात उपासना पडली.

उपासना दूरवर पोहोचवण्याची धडपड शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात केडीकेए या रेडिओ केंद्राने २ जानेवारी १९२१ ला कॅल्व्हरी चर्चमधली उपासना थेट प्रसारित केली. यंत्रे सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांनी त्या दिवशी गायनवृंदाचे झगे घातले होते. उपासकांचे लक्ष त्यांच्याकडे जाऊ नये, एवढाच हेतू. १९२४ च्या जानेवारीत लंडनच्या सेंट मार्टिन चर्चमधून बीबीसीने उपासना ऐकवली. १९४८ च्या नाताळात पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमधली मध्यरात्रीची मिस्सा दूरचित्रवाणीवर दिसली. २ जून १९५३ ला वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाला कॅमेरे आत आले, पण तैलाभ्यंगाचा आणि प्रभुभोजनाचा क्षण त्यांनी दाखवला नाही. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेविषयीच्या दस्तऐवजात असे प्रक्षेपण संयमाने, प्रतिष्ठा राखून आणि धर्माध्यक्षांनी नेमलेल्या योग्य व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावे, असे सांगून ठेवले. म्हणजे यंत्राला दार उघडतानाच कोणत्या गोष्टींसमोर ते मिटायचे, याचाही विचार झाला होता. आज तीन कॅमेरे लावणाऱ्यांपैकी कितीजण हा दुसरा अर्धा विचार करतात?

हे प्रक्षेपण कोणासाठी, याचे सर्वांत नेमके उत्तर एका दंतकथेत सापडते. असिसीची संत क्लारा आजारपणामुळे नाताळच्या मिस्सेला जाऊ शकली नाही, तेव्हा तिला ती सारी उपासना आपल्या खोलीतच दिसली आणि ऐकू आली, अशी श्रद्धा आहे. याच कथेवरून पोप बारावे पायस यांनी १९५८ मध्ये तिला दूरचित्रवाणीची आश्रयदात्री संत म्हणून घोषित केले. या कथेतला प्रेक्षक कोण, तर आजारी आणि मंडळीतलाच. वाशिमला हे वेगळे सांगायला नको. या गावातल्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती कार्याचा मोठा भाग रुग्णसेवेभोवती उभा राहिला. नाझरीन चर्चने १९३० च्या दशकात इथे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल उभारले, डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी त्याचा पाया घातला आणि परिचारिकांचे प्रशिक्षणही सुरू झाले. कॅथलिक मंडळी १९५५ साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांताच्या कक्षेत येते. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या बारा लाखांच्या आसपास होती आणि त्यात ख्रिस्ती एक टक्काही नव्हते. सहा तालुक्यांत विखुरलेल्या, संख्येने लहान अशा समाजाला हजारो अनोळखी प्रेक्षक काय कामाचे? त्याला हवी आहेत ती आपलीच माणसे: अंथरुणाला खिळलेली आजी, रात्रपाळी करून आलेली परिचारिका, नोकरीसाठी पुण्यामुंबईला गेलेला मुलगा. त्यांना पडद्यावर पाळक दिसले तर बरे वाटेल. शेजारच्या बाकावरचे काका दिसले तर आपण अजून त्या घरचे आहोत असे वाटेल.

इथे एक रास्त शंका येते. शिर्डी आणि पंढरपूरचे थेट दर्शन गाभाऱ्यावर रोखलेल्या जवळजवळ स्थिर नजरेने कितीतरी वर्षे चालले आहे आणि भाविक त्यावर समाधानी आहेत. मग चर्चलाच अनेक कॅमेऱ्यांची चैन कशाला? उत्तर उपासनेच्या घडणीत आहे. दर्शन म्हणजे भक्ताची आणि देवाची नजरानजर. मूर्ती जागची हलत नाही, भक्ताला दुसरीकडे पाहायचे नसते. तिथे कॅमेरा जितका निश्चल, तितका चांगला. चर्चमधली उपासना जागा बदलत राहते. वचन एका बाजूने वाचले जाते, संदेश व्यासपीठावरून दिला जातो, गीत गायनवृंद उचलतो आणि सगळी मंडळी पुढे नेते, प्रार्थनेला सारे उठतात, प्रभुभोजन मेजावर किंवा वेदीवर होते. उत्तम शुक्रवारी वधस्तंभावरील सात उद्गारांवर मनन होते, तेव्हा अनेक चर्चमध्ये एकामागून एक सात वक्ते उभे राहतात आणि उपासना तीन तास चालते. व्यासपीठावर रोखलेल्या एकाच कॅमेऱ्याला यातले निम्मे दिसतच नाही. शिवाय तो एक चुकीचा धडाही शिकवतो: बोलणारा एक, बाकीचे श्रोते. मंडळीने मिळून करायची गोष्ट त्याने व्याख्यान करून टाकली. म्हणून दुसऱ्या कॅमेऱ्याची गरज आहे.

ही गरज परवडण्याजोगी झाली ती गेल्या आठ-दहा वर्षांत. २०१६ मध्ये फेसबुक लाइव्ह सर्वांना खुले झाले आणि त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ सुरू झाल्याने मोबाइल डेटा स्वस्त झाला. अनेक कॅमेऱ्यांची चित्रे संगणकावर जुळवून प्रक्षेपित करणारी ओबीएस ही प्रणाली २०१२ पासून फुकट उपलब्ध आहे. २०१९ च्या शरदात ब्लॅकमॅजिक कंपनीने चार कॅमेरे जोडता येणारा एटेम मिनी हा छोटासा स्विचर २९५ डॉलरला आणला. काही महिन्यांतच महासाथ आली. मनुष्यबळ तर लग्नांनी आधीच तयार केले होते. दोन कॅमेरे, मिक्सर आणि मांडवातला एलईडी पडदा हे समीकरण तालुक्याच्या गावातल्या व्हिडिओ शूटिंगवाल्यांना नवे नव्हते. तरी एक गैरसमज अजून टिकून आहे: कॅमेरे वाढले की इंटरनेटही तितकेच जास्त लागते. तसे नाही. कॅमेरे कितीही असोत, स्विचरमधून बाहेर पडते ते एकच चित्र. सेकंदाला चार मेगाबिट गतीने पाठवले तर तासाला सुमारे १.८ जीबी डेटा जातो, एका कॅमेऱ्याचा काय नि तिघांचा काय. खरी अडचण येते ती तारेची आणि विजेची. साधी एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरपुढे भरवशाची राहत नाही, त्यापलीकडे एसडीआय प्रकारची केबल लागते. आणि वीज गेली की इन्व्हर्टरवर संगणकासोबत राउटरही जोडलेला नसेल, तर सगळे चित्र जागीच थिजते.

पण या सगळ्याआधी आवाज. चित्र अंधूक असले तरी घरचा माणूस पाहत राहतो; शब्द कळेनासे झाले की बंद करतो. कॅमेऱ्यातला माइक दूरवरून घुमणारा आवाज पकडतो, म्हणून ध्वनीच्या मिक्सरमधून थेट तार घ्यावी लागते, हे बहुतेकांना लवकर उमगले. त्यानंतरची चूक मात्र अजून ऐकू येते. मिक्सरमध्ये फक्त माइकसमोरचे आवाज असतात. मंडळी कितीही जोरात गात असली तरी प्रक्षेपणात पाळक आणि दोन गायक तेवढे ऐकू येतात, जणू रिकाम्या सभागृहात गात आहेत. उपाय अगदी स्वस्त आहे: बाकांच्या दिशेने एक माइक टांगायचा आणि त्याचा आवाज फक्त प्रक्षेपणात मिसळायचा. कॅमेऱ्याचे चित्र थोडे मागे पडते आणि आवाज आधी पोहोचतो, म्हणून आवाजालाही तेवढाच उशीर द्यायचा, नाहीतर ओठ आणि शब्द जुळत नाहीत. दुसऱ्या कॅमेऱ्याचे जे तत्त्व, तेच या दुसऱ्या माइकचे. दोघांनीही मंडळीची दखल घ्यायची.

याने उपासनेचा तमाशा होतो, असा पहिला आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. दर तीन सेकंदांनी चित्र बदलणारे, गाताना डोळे मिटलेल्या बाईच्या चेहऱ्यावर झेपावणारे, प्रार्थनेतही फिरत राहणारे कॅमेरे भक्तीचा बाजार मांडतात. पण याचे कारण कॅमेऱ्यांची संख्या नाही, ते चालवणाऱ्याचा हव्यास आहे. पडदा आणि भक्ती यांचे मुळातच वैर असते असेही नाही; १९८७ मध्ये दूरदर्शनवर रामायण सुरू झाले तेव्हा लोकांनी टीव्हीला हार घातले होते. कॅमेरे स्टँडवर जागच्या जागी असावेत, वचन वाचताना चित्र बदलू नये, प्रभुभोजनाला लांबूनचे एकच दृश्य ठेवावे आणि गुडघे टेकलेल्या कोणाचाही चेहरा जवळून दाखवू नये, एवढे नियम पाळले तरी पुरे. १९५३ च्या ॲबीत हाच संयम पाळला होता आणि पिट्सबर्गच्या तंत्रज्ञांनी झगे घातले ते याचसाठी.

घरबसल्या मिळाले तर चर्चला कोण येईल, हा दुसरा आक्षेप. पंढरपूरचे थेट दर्शन उपलब्ध असूनही २०२२ मध्ये पायी वारी पुन्हा निघाली तेव्हा लाखो वारकरी चालले. २०२० आणि २०२१ मध्ये पालख्या एसटीने न्याव्या लागल्या, त्याची भूक होती ती. तरी हा दाखला इथे पुरता लागू होत नाही, कारण वारी वर्षातून एकदा असते आणि रविवार दर आठवड्याला येतो. आळसाला जागा मिळते, हे मान्य करावे लागेल. कॅथलिक चर्चनेही पडद्यावरची मिस्सा प्रत्यक्ष हजेरीची जागा घेत नाही, असेच कायम सांगितले आहे. पण याही आक्षेपाचे उत्तर मंडळीकडे वळलेला कॅमेराच देतो. पाळकांचा रेखीव चेहरा दाखवणारे प्रक्षेपण तृप्त करते, मग उठून जायची गरज वाटत नाही. भरलेले बाक आणि त्यातली आपली रिकामी जागा दाखवणारे प्रक्षेपण चुटपुट लावते.

तिसरा आक्षेप मात्र याच युक्तिवादाच्या मुळावर येतो: मंडळीकडे कॅमेरा वळवला की माणसांचे चेहरे जगजाहीर होतात. लहान समाजात कोण आले, कोण रडले, कोणासाठी प्रार्थना मागितली गेली, हे सगळे ओळखू येते. म्हणून हा कॅमेरा मागच्या बाजूला, पाठी आणि खांदे दिसतील असा असावा. गाणाऱ्या मंडळीची जाणीव करून द्यायला तेवढे पुरते. आजारांची आणि घरगुती अडचणींची नावानिशी प्रार्थना होताना आवाज बंद ठेवावा आणि प्रक्षेपण शोधात न येणाऱ्या दुव्यावरून फक्त मंडळीपर्यंत पोहोचवावे. गाण्यांचेही भान हवे. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या ओघात गीत सादर करण्याला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ मुभा देते, ख्रिस्ती गीतकार ना. वा. टिळकांना जाऊन तर १९१९ पासून शतक उलटले, त्यामुळे त्यांच्या गीतांवर कोणाचा हक्क उरलेला नाही. पण यूट्यूबचे स्वयंचलित यंत्र कायदा वाचत नाही, ध्वनिमुद्रणे जुळवून पाहते. तयार ट्रॅक लावण्यापेक्षा पेटी आणि तबल्यावर स्वतः गायलेले गीत म्हणूनच अधिक सुरक्षित, आणि कानालाही बरे.

या सगळ्या वाटचालीचा निकाल द्यायचा तर असा: वाशिमसारख्या जिल्ह्यातल्या लहान मंडळीला दोन कॅमेरे पुरतात, तिसरा चालेल, चौथा बहुधा हौसेचा असतो. खर्चाचा क्रम आधी आवाज, मग वीज, मग समोरचा कॅमेरा आणि त्यानंतर मागून मंडळी दाखवणारा कॅमेरा असा ठेवावा. पुढच्या वेळी देणगी आली आणि नवा कॅमेरा घ्यायचे ठरले, तर बैठकीत किमतीआधी एवढेच विचारावे: घरी अंथरुणाला खिळलेल्या आजीला यातून काय जास्तीचे दिसणार आहे? उत्तर सापडले नाही, तर त्या पैशात आजीला रविवारी चर्चला आणायला रिक्षा करावी.