परस्परांशी जोडलेले धूरसूचक

घरास आग लागली असता माणसाचा प्राण ज्वाळांपेक्षा धुरानेच अधिक वेळा जातो. धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्यास रंग नाही व वासही नाही. शिवाय गाढ झोपेत घ्राणेंद्रिय मंद झालेले असते. म्हणून धुराच्या वासाने आपण जागे होऊ, ही समजूत घातक होय. कान मात्र झोपेतही बराच सावध असतो. धूरसूचक यंत्राची योजना या एका गोष्टीवर आधारलेली आहे.

यंत्राची रचना वर्गात सहज समजावून देता येईल. कौलांच्या फटीतून आलेल्या कवडशात धूलिकण चमकतात, हे प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. प्रकाशीय धूरसूचकात एक लहानशी काळोखी पोकळी असते. तीत प्रकाशकिरण सोडलेला असतो आणि प्रकाशग्राहक त्या किरणाच्या वाटेपासून बाजूस बसविलेला असतो. हवा स्वच्छ असेल तर ग्राहकावर प्रकाश पडत नाही. धुराचे कण आत शिरले की त्यांवरून प्रकाश विखुरतो, ग्राहकावर पडतो आणि कर्णा वाजू लागतो.

परंतु सुटा धूरसूचक जेथे असेल तेथेच वाजतो. आग माजघरात लागली आणि माणसे दार लावून माडीवर निजली असतील, तर तो आवाज त्यांच्यापर्यंत क्षीण होऊन पोहोचतो, किंवा पोहोचतही नाही. म्हणून सर्व सूचक तारेने अथवा रेडिओलहरींनी परस्परांशी जोडतात. मग एकास धूर लागला की सर्व एकदम वाजतात, आणि पळण्यास मिनिटे अधिक मिळतात.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या इमारतीस 2017 साली लागलेल्या आगीत 72 माणसे दगावली. त्यानंतर स्कॉटलंडने नियम कडक केले आणि 1 फेब्रुवारी 2022 पासून प्रत्येक घरास जोडसूचकांचा दंडक लागू केला. नेहमीच्या बैठकीच्या खोलीत एक, प्रत्येक मजल्यावरील येण्याजाण्याच्या मार्गात एक, असे धूरसूचक छतास लावावयाचे, आणि स्वयंपाकघरात उष्णतासूचक बसवावयाचा, असा तो दंडक आहे. स्वयंपाकघराचा भेद मार्मिक आहे. फोडणीच्या धुराने वारंवार वाजणारे यंत्र लोक बंद करून ठेवतात, आणि बंद यंत्र नसल्यासारखेच.

जुने सुटे सूचक बदलून जोडसूचक घेणाऱ्याने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

1. रेडिओलहरींवर चालणारे सर्व सूचक एकाच बनावटीचे व परस्परांस अनुरूप असावेत. निरनिराळ्या बनावटींची यंत्रे सहसा एकमेकांचा संकेत ओळखीत नाहीत.
2. यंत्र छतावर, भिंतीपासून सुमारे 30 सेंटिमीटर दूर बसवावे. कोपऱ्यात धूर उशिरा पोहोचतो.
3. महिन्यातून एकदा एका यंत्राची कळ दाबावी आणि बाकीची सर्व वाजतात की नाही, हे प्रत्येक खोलीत जाऊन ऐकावे.
4. यंत्रावर छापलेली मुदत, जी बहुधा 10 वर्षांची असते, संपली की संपूर्ण यंत्र बदलावे.

आपल्या शाळांशी या विषयाचा संबंध दूरचा नाही. तामिळनाडूतील कुंभकोणम येथे 16 जुलै 2004 रोजी एका शाळेच्या मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरात आग लागली, ती गवती छपरापर्यंत पोहोचली, आणि 94 बालके मृत्युमुखी पडली. पुढे 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने देशातील शाळांच्या अग्निसुरक्षेविषयी आदेश दिले.

चुलीच्या धुराने नित्य भरणाऱ्या भोजनगृहात धूरसूचक निरुपयोगी ठरेल; तेथे उष्णतासूचकच योग्य. यंत्र मिळेतोपर्यंतही त्यामागील तत्त्व आपल्या हाती आहे. एका ठिकाणचे संकट सर्व खोल्यांत तत्क्षणी कळावे, हेच ते तत्त्व. यासाठी शाळेच्या घंटेचा एक निराळा, अखंड ठोका ठरवावा; तो तास संपल्याच्या किंवा सुटीच्या ठोक्याशी मिळताजुळता नसावा. स्वयंपाक करणाऱ्या भगिनींना घंटेपर्यंत जाण्याची मोकळीक व सूचना असावी. ठोका ऐकताच दप्तर न उचलता मैदानात रांगेने जाण्याचा सराव प्रत्येक सत्रात घ्यावा, आणि मैदानात हजेरीपत्रकावरून मुले मोजावीत. ही मोजणी पुरी झाल्यावाचून सराव पुरा झाला असे समजू नये.