पाषाण, पाणी आणि लोहचुंबक

मराठीत पाषाण म्हणजे दगड, तर कन्नडमध्ये पाषाण म्हणजे विष. दोन्ही भाषा बोलणाऱ्या आपल्या घरांत यावरून थट्टा होते. यादगीर जिल्ह्यातील किरदळ्ळी तांड्यात मात्र हे दोन्ही अर्थ एकत्र आले. हा भाग सोन्याच्या जुन्या खाणींचा. तेथील खडकात आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, असतो आणि तो भूजलात उतरतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथील पाण्यात आर्सेनिक आणि माणसांच्या त्वचेवर त्याच्या खुणा आढळल्याची नोंद आहे.

या विषाला रंग, वास, चव काहीच नाही. आपल्या घरातील बायका काळजीने पाणी उकळतात, पण त्याने जंतू मरतात, आर्सेनिक जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे एक लाख लिटर पाण्यात एक ग्रॅम!

वर्गात यावरच्या उपायाविषयी बोलताना एक प्रश्न हमखास येतो, "सर, आर्सेनिक चुंबकाला चिकटतो का?" नाही. तो चिकटतो लोखंडाच्या ऑक्साइडला. कण जितके बारीक, तितका पृष्ठभाग जास्त आणि आर्सेनिकला जागाही जास्त. पण इतकी बारीक पूड पाण्यातून परत काढायची कशी? ती लवकर खाली बसत नाही, साध्या गाळणीतूनही निसटते. इथे चुंबक कामाला येतो. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ साली दाखवले, की मॅग्नेटाइटचे सुमारे १२ नॅनोमीटरचे कण साध्या चुंबकानेही ओढून घेता येतात. असे ऐंशी हजार कण ओळीने मांडले तरी जेमतेम एक मिलिमीटर भरेल. पुढे याच गटाने गंज आणि खाद्यतेल वापरून असे कण करण्याची स्वस्त रीतही मांडली.

अडचणी आहेतच. पाण्यातील फॉस्फेट आणि सिलिका हीच जागा अडवतात. शिवाय विष नाहीसे होत नाही, ते पुडीत जमा होते. ती पूड गटारात किंवा शेतात टाकली, तर पाषाण पुन्हा विहिरीत.

हे तंत्र अजून घरोघरी पोहोचलेले नाही. तोवर खाणपट्ट्यात नातेवाईक असतील, तर त्यांना एवढेच सांगावे, "बोअरचे पाणी आर्सेनिकसाठी तपासून घ्या. नुसते उकळून भागणार नाही."