किर्लोस्करवाडीची ‘खबर’ आणि आपला गट
— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग



दरवर्षी लागण हंगामाच्या तोंडावर शेती खात्यातर्फे पत्रके निघतात. बेणे कोणते घ्यावे, सरी किती फुटी सोडावी, बेसल डोस काय द्यावा, सगळे त्यात असते. छापखान्यातून गठ्ठे येतात, गट ऑफिसला जातात, तेथून चिटबॉय गावात वाटतो. पुढे त्यांचे काय होते ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. २०१७ च्या जून महिन्यात एका गावी चहाच्या टपरीवर बसलो होतो. टपरीवाल्याने भजी बांधून दिली ती आमच्याच पत्रकात! वर ठळक अक्षरात ‘हुमणी नियंत्रण मोहीम’ आणि त्यावर तेलाचे डाग. शेजारी एक वडीलधारे सभासद बसले होते. त्यांना विचारले, “आबा, हे वाचलं का तुम्ही?” आबा हसले आणि म्हणाले, “वाचाय घेतलं हुतं साहेब. पण त्यात माझ्या रानाचं काय हाय? ते सगळ्यांचं हाय. आन् सगळ्यांचं म्हंजे कुणाचंच न्हाय.”

राग आला, हे कबूल करतो. पत्रक मीच लिहिले होते. पण घरी जाताना वाटेत विचार केला तेव्हा आबांचे म्हणणे खरे वाटले. माणसे वाचत नाहीत अशी आपण तक्रार करतो. परंतु त्यांनी आवर्जून वाट पाहावी असे आपण काही लिहितो का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारत नाही. या प्रश्नाचे उत्तर शोधायला लांब जायला नको. ते आपल्याच जिल्ह्यात, पलूस तालुक्यात, शंभर वर्षांपूर्वी सापडलेले आहे.

नांगराच्या कारखान्यातले मासिक

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात, कुंडलच्या माळावर कारखाना उभा केला. जागा दिली औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी. तिथे लोखंडी नांगर, उसाचे चरक, कडबा कापायची यंत्रे तयार होऊ लागली. पण शेतकरी लोखंडी नांगर घ्यायला राजी नव्हता. लोखंडाने जमीन विषारी होते, असा त्या काळी समज होता. माल चांगला असूनही तो पटवून द्यायचा कसा, ही मोठी अडचण होती.

कारखान्याच्या जाहिरातीचे काम लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव वासुदेव किर्लोस्कर पाहत असत. वाचकांना ते ‘शंवाकि’ या नावाने ठाऊक आहेत. हाताने चित्रकार आणि डोक्याने मोठे कल्पक. त्यांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे छोटे पत्र काढले. हेतू साधा होता. आपले एजंट, आपले गिऱ्हाईक आणि आपला कारखाना यांच्यात बोलणे चालू राहावे. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचे तर आपल्या या वार्तापत्रासारखेच ते एका कारखान्याचे घरचे पत्र होते.

आता यातली खुबी पाहा. नुसते ‘आमचा नांगर घ्या, आमचा नांगर घ्या’ असे दर महिन्याला छापले असते तर त्याचाही कागद भज्यालाच गेला असता. शंकररावांनी वाचकाच्या उपयोगाचे आणि आवडीचे द्यायला सुरुवात केली. उद्योगधंदा कसा करावा, नवे विचार काय आहेत, समाजात काय बदलले पाहिजे, हे त्यात येऊ लागले. मुलांसाठी ‘गोट्या’ लिहिणारे ना. धों. ताम्हनकर यांच्यासारखा लेखक किर्लोस्करवाडीतच कामाला होता. १९२९ पासून ‘खबर’ हा शब्द गेला आणि मासिकाचे नाव नुसते ‘किर्लोस्कर’ झाले. तोवर ते कारखान्याचे पत्रक राहिले नव्हते, घराघरात वाट पाहिली जाईल असे मासिक झाले होते.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. वाचक वाढले तसे त्यांचे प्रकारही वाढले. बायकांना काही वेगळे हवे होते, तरुणांना वेगळे. शंकररावांनी एकाच मासिकात सगळे कोंबले नाही. १९३० साली बायकांसाठी ‘स्त्री’ काढले, १९३४ साली तरुण वाचकांसाठी ‘मनोहर’ काढले. ज्याचे ताट त्याच्यापुढे वाढले. नांगर करणाऱ्या एका वाडीतून निघालेली ही तीन मासिके महाराष्ट्राने पुढे अनेक दशके वाचली. आमच्या आबांनी टपरीवर जे सांगितले तेच हे. सगळ्यांचे म्हणजे कुणाचेच नाही.

परदेशातही असेच एक उदाहरण आहे. अमेरिकेतील जॉन डिअर या नांगर करणाऱ्या कंपनीने १८९५ साली ‘द फरो’ नावाचे मासिक सुरू केले. फरो म्हणजे नांगराचे तास. त्यात शेतीची माहिती आणि शेतकऱ्यांच्या हकिकती येत, अजूनही येतात. सव्वाशे वर्षांनंतरही ते चालू आहे. म्हणजे किर्लोस्करवाडी काय आणि अमेरिका काय, शेतकरी इथून तिथून सारखाच. त्याच्या कामाचे बोला, तो ऐकतो.

द्राक्षवाले आपल्या पुढे का?

आपल्या जिल्ह्यातले तासगाव भागातील द्राक्ष बागायतदार घ्या. त्यांचा महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ १९६० सालचा, आणि संघाचे ‘द्राक्षवृत्त’ हे मासिक आहे. द्राक्षवाला सल्ला कसा मागतो ते कधी ऐकले आहे का? तो तारीख सांगत नाही. तो म्हणतो, “छाटणीनंतर माझा पंचेचाळिसावा दिवस आहे, आता काय करू?” सल्ला देणाराही त्या दिवसाचाच सल्ला देतो. ऑक्टोबर छाटणी पुढेमागे घेतलेल्या दोन शेजाऱ्यांना एकाच दिवशी एकच सल्ला देऊन चालत नाही, हे तिथे सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि आपण ऊसवाले? आडसाली जुलै-ऑगस्टची, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, सुरू डिसेंबर ते फेब्रुवारीची, शिवाय खोडवा. चौघांची चार वये. आणि पत्रक मात्र एकच! ज्याचा ऊस मोठ्या बांधणीला आला आहे त्याला आम्ही बेणेप्रक्रिया शिकवतो. त्याने का वाचावे?

आमचा प्रयोग

२०१८ साली आम्ही मोबाईलवर व्हॉट्सअॅपचा एक गट काढला. सगळ्या गावांतील सभासद एकत्र. महिन्याभरात त्याचे काय झाले ते सांगायला नको. सकाळी सुप्रभात, दुपारी राजकारण, रात्री वाढदिवस. शेतीचा निरोप त्यात बुडून गेला. निम्म्या मंडळींनी आवाज बंद करून ठेवला. तेव्हा शंकररावांची तीन मासिके आठवली. मोठा गट मोडला आणि लागणीच्या पंधरवड्यावरून छोटे गट केले. आडसाली पहिला पंधरवडा, दुसरा पंधरवडा, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा. नियम एकच, या पंधरवड्याच्या उसाखेरीज दुसरे बोलणे नाही.

काही मंडळी रुसली. एका गटात तर अवघी बावीस माणसे उरली. मोठ्या साहेबांनी विचारले, “बावीस माणसांसाठी एवढी खटपट?” परंतु त्या बावीस जणांना सहाव्या ते आठव्या आठवड्याला निरोप गेला, की नत्राचा ४० टक्के हप्ता आत्ता द्यायचा आहे, तेव्हा बहुतेकांनी तो त्याच आठवड्यात दिला. पूर्वी शेकड्याने पत्रके वाटून हे होत नव्हते. पुढे त्या बावीस जणांनीच आपल्या भावकीला आणि शेजाऱ्यांना आणले. आम्ही कोणाला बोलवायला गेलो नाही.

हुमणीचे उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी सात-साडेसातला भुंगेरे जमिनीतून निघून कडुलिंब, बाभळीवर जमतात. एक मादी ५०-६० अंडी घालते. एकट्याने झाड झोडपून उपयोग नाही, शेजाऱ्याच्या झाडावरचे भुंगेरे आपल्या रानात येणारच. अख्ख्या शिवाराने त्याच संध्याकाळी बाहेर पडले पाहिजे. आपले हे वार्तापत्र महिन्याने येते, भुंगेरा काही तोपर्यंत थांबत नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी गटावर एका सभासदानेच लिहिले, “आमच्या बांधावर भुंगा निघाला.” मी काही सांगण्याआधी चार वस्त्यांवरून माणसे फांद्या हलवायला, रॉकेलमिश्रित पाण्याच्या बादल्या घेऊन बाहेर पडली. तेव्हा मला कळले की हा गट आता शेती खात्याचा राहिला नाही. तो त्यांचा झाला.

चूक आणि पूर

चांगलेच तेवढे सांगितले तर ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. एकदा मीच चुकलो. घाईत तणनाशकाचे प्रमाण चुकीचे लिहिले. रात्री लक्षात आल्यावर दुरुस्त केले. पण एका सभासदाने सकाळचा निरोप पाहून फवारणी उरकली होती. ऊस पिवळा पडला. मी त्याच्या बांधावर गेलो. तो काही बोलला नाही. ते न बोलणे शिव्यांपेक्षा जास्त लागले. परत येऊन गटावर स्वच्छ लिहिले, चूक माझी आहे, कोणाकोणाकडे फवारणी झाली ते कळवा, मी येतो. वाटले होते, आता माणसे निघून जातील. एकही गेला नाही. त्यानंतर कोणतेही प्रमाण दोघांनी तपासल्याशिवाय आम्ही पाठवत नाही.

याची कसोटी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लागली. २०१९ चा महापूर आपण कोणी विसरणार नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांवर गेले. सगळीकडे अफवांचे पीक. अमुक धरण फुटले, तमुक गाव वाहून गेले. आमच्या गटांवर मात्र ठरवून फक्त पडताळलेली पातळी टाकली जात होती, तीही वेळेसह. माहिती नसेल तेव्हा “अजून कळलेले नाही” एवढेच. नदीकाठच्या एका माऊलीने नंतर सांगितले, “बाकी मोबाईल दिवसभर वाजतच हुता. पण उसाच्या गटावर पातळी वाढल्याचं आलं तवा मालकांनी जनावरं सोडली.” खताचे हप्ते सांगता सांगता मिळवलेला विश्वास दावणीच्या जनावरांच्या कामी आला. चुकीची कबुली दिली नसती तर त्या रात्री आमच्यावर कोणी विश्वास ठेवला असता, असे मला वाटत नाही.

काय शिकलो

सभासद बंधूंनो, दूध संस्था असो, महिला बचत गट असो, की पाणीपुरवठा संस्था असो, आपापल्या माणसांशी बोलणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल म्हणून अनुभवाचे चार बोल लिहितो.

पहिले, कोणासाठी लिहितो ते आधी ठरवावे. बावीस तर बावीस. शेत लहान असले तरी चालेल, पण बांध स्पष्ट असावा.

दुसरे, मागण्याआधी द्यावे. ऊसनोंद करा, वर्गणी भरा, सभेला या, हे निरोप शेवटी. आधी त्याच्या रानाचे बोलावे.

तिसरे, नेम चुकवू नये. पाण्याची पाळी चुकली की पीक सुकते, निरोपाची पाळी चुकली की वाचक.

चौथे, वाचणाऱ्याला लिहू द्यावे. भुंगा निघाल्याचे मला नव्हे, त्या सभासदाला आधी दिसले होते.

आणि पाचवे, खोटे लिहू नये, अर्धवट लिहू नये, चुकले तर लपवू नये.

मोबाईलचे गट आज आहेत, उद्या आणखी काही येईल. शंकररावांकडे तर छापील कागद आणि टपालाखेरीज काहीच नव्हते. साधन कोणतेही असो, वाचणाऱ्याला ‘हे माझ्यासाठी लिहिले आहे’ असे वाटले पाहिजे.

या वार्तापत्राच्या पुढील अंकापासून शेती विभागाची दोन पाने लागणीच्या पंधरवड्याप्रमाणे देण्याचे ठरविले आहे. तरी सभासदांनी आपल्या रानातील अडचण, आपला अनुभव, किंवा आमची एखादी चूक, चार ओळींत लिहून गट ऑफिसकडे द्यावी. अक्षर कसेही असो, व्याकरण कसेही असो. भजी बांधण्याआधी हा अंक एकदा वाचला जावा, एवढीच आबांच्या साक्षीने विनंती.