शेवटच्या बाकावरून दिसणारा तक्ता

विज्ञान प्रदर्शनात किंवा वर्गाच्या भिंतीवर लावलेले तक्ते आपण सर्वांनी पाहिले आहेत. जलचक्र, पचनसंस्था, सूर्यमाला असे विषय, चार-पाच रंग, सावली दिलेले शीर्षक आणि उरलेल्या जागेत बसेल तितका मजकूर. मुलांचे कष्ट त्यात दिसतात. पण हा तक्ता शेवटच्या बाकावरून वाचता येतो का, असे सहसा कोणी विचारत नाही. मांडणी हा चित्रकलेच्या शिक्षकांचा प्रांत आहे, असे आपण धरून चालतो. वास्तविक मांडणीचे मूलभूत नियम डोळ्याच्या रचनेतून आणि आपल्या पाहण्याच्या पद्धतीतून आलेले आहेत. त्यांपैकी बरेचसे मोजपट्टी घेऊन तपासताही येतात.

अक्षर किती मोठे हवे?

नेत्रवैद्याकडचा अक्षरांचा तक्ता आठवा. नेदरलँड्समधील नेत्रवैद्य हेर्मान स्नेलेन यांनी तो १८६२ मध्ये प्रसिद्ध केला. निकोप डोळ्याला ६ मीटरवरून जी ओळ वाचता यावी अशी अपेक्षा असते, तिच्यातील अक्षर डोळ्याशी एका अंशाच्या बाराव्या भागाएवढा कोन करते. त्रिकोणमितीने हिशेब केला, तर या अक्षराची उंची सुमारे ८.७ मिलिमीटर येते. म्हणजेच अंतराच्या दर मीटरमागे साधारण दीड मिलिमीटर.

मात्र ही सामान्य दृष्टीची मर्यादा झाली. मर्यादेवरचे अक्षर ओळखता येते, पण सहज वाचता येत नाही. शिवाय हा हिशेब रोमन अक्षरांसाठी केलेला आहे. देवनागरीत ‘घ’ आणि ‘ध’ यांच्यातील फरक शिरोरेषेतल्या एका छोट्या खंडाचा असतो. तो पुसट झाला की ‘घन’ आणि ‘धन’ सारखेच दिसतात आणि विज्ञानाच्या तक्त्यावर ही चूक किरकोळ नव्हे. म्हणून आम्ही एक सोपा ठोकताळा सुचवतो. तक्ता जितक्या मीटरवरून वाचायचा असेल त्या संख्येला ४ ने गुणावे. तितके मिलिमीटर अक्षराची उंची ठेवावी. ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजावी, मात्रा आणि उकार सोडून. ६ मीटरसाठी ती २४ मिलिमीटर होईल.

तक्त्यावर किती शब्द मावतात?

देवनागरीची ओळ तीन मजली असते. वरच्या मजल्यावर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार. मधल्यावर मूळ अक्षर. खालच्यावर उकार आणि काही जोडाक्षरांचा पाय. दोन ओळी जवळ घेतल्या, की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. म्हणून एका शिरोरेषेपासून पुढच्या शिरोरेषेपर्यंतचे अंतर अक्षराच्या उंचीच्या अडीच पट तरी असावे. २४ मिलिमीटरच्या अक्षरासाठी ते ६० मिलिमीटर येते.

आता २२ × २८ इंचाचा कागद उभा धरू. चारही बाजूंना ५ सेंटीमीटर समास सोडला, तर सुमारे दहा ओळी मावतात. एका ओळीत साधारण सोळा अक्षरे धरली, तर सगळा मिळून मजकूर जेमतेम चाळीस-पन्नास शब्दांचा होतो. चित्र काढायचे असेल, तर त्याहूनही कमी. पाठ्यपुस्तकाचे पान उतरवून काढलेला तक्ता दुरून का वाचता येत नाही, याचे उत्तर या आकड्यातच आहे. काय लिहायचे यापेक्षा काय गाळायचे, हे आधी ठरवावे लागते.

जवळचे ते एकमेकांचे

बर्लिनमध्ये काम करणारे मानसशास्त्रज्ञ मॅक्स वेर्थायमर यांनी १९२३ मध्ये एक साधी गोष्ट दाखवून दिली. कागदावर समान अंतरावर सहा ठिपके काढले, तर आपल्याला ठिपक्यांची एक रांग दिसते. तेच ठिपके दोन-दोन जवळ आणून काढले, तर तीन जोड्या दिसतात. ठिपके तेच, पण अंतर बदलले की अर्थ बदलतो. म्हणून अवयवाचे नाव अवयवाशेजारीच लिहावे; १, २, ३ असे आकडे घालून कोपऱ्यात यादी देऊ नये. उपशीर्षक वरच्या परिच्छेदापेक्षा खालच्या परिच्छेदाच्या जवळ असावे, कारण ते खालच्याचे आहे.

शिरोरेषेचे कामही असेच आहे. ती सुट्या अक्षरांना बांधून शब्द दाखवते. ओळ भरून काढण्यासाठी अक्षरे ताणून दूर दूर लिहिली, की ही बांधणी तुटते. त्यापेक्षा ओळ उजवीकडे अपुरी राहिलेली बरी. डावीकडची सुरुवात मात्र प्रत्येक वेळी एकाच उभ्या रेषेवर असावी. वाचताना डोळा ओळीवरून सलग सरकत नाही. तो उड्या घेतो आणि प्रत्येक थांब्यावर सुमारे पाव सेकंद रेंगाळतो. ओळ संपल्यावर त्याला एक लांब उडी मागे घ्यावी लागते. उतरण्याची जागा ठरलेली असेल, तर ती चुकत नाही.

रंग आणि ठळकपणा

पांढऱ्यावर पिवळे अक्षर जवळूनही त्रास देते, कारण दोन्हींच्या उजळपणात फार थोडा फरक असतो. वाचण्यासाठी मुख्यतः उजळपणातला फरक लागतो. तक्त्याचे कृष्णधवल छायाचित्र मोबाइलवर काढून पाहावे. त्यात जे नाहीसे होईल, ते दुरूनही दिसणार नाही. लाल आणि हिरवा यांत फरक न करू शकणारी मुलेही, विशेषतः मुलगे, वर्गात असू शकतात. म्हणून रंगाबरोबर आकार किंवा नाव यांचाही आधार द्यावा. आणि सगळेच ठळक केले, तर काहीच ठळक राहत नाही. एका तक्त्यावर एकच गोष्ट सर्वांत मोठी असावी.

वर्गात करून पाहण्याजोगा प्रयोग

एकच मजकूर दोन कागदांवर लिहा, एकदा नेहमीच्या पद्धतीने आणि एकदा वरच्या मापांनी. प्रत्येक मुलाने किती मीटरवरून तो अडखळता वाचला, किती मीटरवरून सहज, याची नोंद करा आणि दोन्हींचा आलेख काढा. नियम खरे आहेत की नाहीत, हे मुलांनीच ठरवावे.

या प्रयोगाचा आणखी एक उपयोग आहे. तक्ता कोणालाच वाचता येत नसेल, तर ज्याला चष्म्याची गरज आहे असे मूल त्या गर्दीत लपून राहते आणि अभ्यासात कच्चे समजले जाते. तक्ता सर्वांना ६ मीटरवरून वाचता आला आणि एकालाच आला नाही, तर त्या मुलाला पुढच्या बाकावर बसवा आणि पालकांना त्याचे डोळे तपासून घ्यायला सांगा.