देहातील राखणदार आणि त्यांना मिळणारे निरोप

सकाळी उठावे तो बोटे ताठलेली, कपाचा कान धरवत नाही, तासाभराने कुठे मूठ वळते. आमवाताची ही तक्रार आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ऐकू येते. देहाचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशीच येथे आपल्या सांध्यांवर चालून जातात. राखणदाराने घरावरच का उठावे, हा आज आपल्यापुढील प्रश्न आहे.

या पेशींपैकी टी-पेशी छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत घडतात. स्वकीयांवर उठू पाहणाऱ्या बहुतेक पेशी तेथेच मारल्या जातात. बहुतेक, सर्व नव्हेत! ज्या बाहेर पडतात त्यांतील पुष्कळांचे काम अजून ठरावयाचे असते. ते ठरवण्यात मोठा वाटा असतो भोवतालच्या पेशींनी सोडलेल्या प्रथिनांचा. शास्त्रज्ञ त्यांना सायटोकाइन म्हणतात. आपण निरोप म्हणू.

२००६ साली हार्वर्ड येथील विजय कुचरू यांच्या प्रयोगशाळेने, आणि त्याच सुमारास लंडनमधील संशोधकांनी, उंदरांच्या पेशींवर प्रयोग करून एक चमत्कारिक गोष्ट दाखवली. 'टीजीएफ-बीटा' हा निरोप एकटा आला तर कोवळी टी-पेशी इतरांना आवरणारी, शांतता राखणारी पेशी होते. त्याच्या जोडीला 'इंटरल्यूकिन-६' आला, की तीच पेशी दाह माजवणारी 'टीएच-१७' बनते. (नावे रूक्ष आहेत खरी, श्रोत्यांनी तेवढी सोसावीत.) म्हणजे पहिला निरोप दोन्हीकडे तोच, फरक केवळ सोबतीचा. शांतता राखणाऱ्या पेशींचा छडा जपानमध्ये शिमोन साकागुची यांनी १९९५ साली लावला होता. २०२५ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले.

तथापि इंटरल्यूकिन-६ ला खलपुरुष ठरवण्याची घाई नको. संसर्ग झाला की तो सुटावयासच हवा, कारण टीएच-१७ पेशी बुरशीशी व जंतूंशी झुंजतात. आमवातात मात्र शत्रू दिसत नसताही तो सुटत राहतो. हा निरोप पेशीवर जेथे पोहोचतो ती जागाच अडवून धरणारे टोसिलिझुमॅब हे औषध आमवातात पुष्कळांना गुण देते. पण ते घेणाऱ्याला संसर्गाचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टरांची नजर लागते.

पुढे टीएच-१७ पेशी स्वतः जो निरोप सोडतात, तो 'इंटरल्यूकिन-१७', अडवून पाहिला. सोरायसिस या त्वचारोगात उत्तम गुण आला. क्रोन्स या आतड्याच्या दाहविकारात मात्र, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रोग्यांना उलट अपायच झाला. आतड्याचे अस्तर धड राखण्यास तोच निरोप लागतो, असे आता मानतात.