पोथीला हात लावण्यापूर्वी

तंजावरच्या राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयाचे नाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. नायक राजांच्या ग्रंथसंग्रहात भोसले घराण्याने पिढ्यानुपिढ्या भर घातली, आणि 1798 ते 1832 पर्यंत गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी, विशेषतः 1820 साली आरंभिलेल्या काशीयात्रेत, ठिकठिकाणच्या पोथ्या मिळवून त्या संग्रहाला आजची थोरवी दिली. संस्कृत, तामिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखितांच्या जोडीला तेथे तंजावर दरबारचे मोडी दफ्तर आहे; जमाखर्च, सनदा, पत्रव्यवहार असे तेराशेंहून अधिक रुमाल. या वैभवाची वर्णने आपण पुष्कळ वाचली आहेत. ते ज्यांच्या हातांमुळे टिकते त्या माणसांविषयी, आणि त्या हातांना मिळणाऱ्या शिक्षणाविषयी, मराठीत फारच थोडे लिहिले गेले आहे, ही उणीव मला अनेक वर्षे जाणवत आली आहे.

कावेरीचा त्रिभुज प्रदेश भाताला जितका अनुकूल, तितकाच पोथीला प्रतिकूल. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ईशान्येकडील पाऊस, मध्येच नोव्हेंबर 2018 मधील ‘गज’ चक्रीवादळासारखा तडाखा, आणि एरवीही हवेत भरून राहिलेला दमटपणा. ताडपत्र हवेतील ओल शोषून फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि या नित्याच्या ताणाने त्याचे तंतू सैल होऊन कडा भुरभुरू लागतात. त्यातच कसर, वाळवी आणि पानांतून आरपार सुईसारखी भोके पाडीत जाणारा किडा यांना आयतेच घर मिळते. जुन्या लोकांना हे ठाऊक होते. जीर्ण पोथीची नवी नक्कल करावयाची आणि जुनी, आडी या तामिळ महिन्याच्या अठराव्या दिवशी, भरल्या कावेरीत सोडावयाची, असा रिवाज होता. नवरात्रात पोथ्या पूजेला बाहेर निघत, तेव्हा त्यांची झाडपूसही आपोआप होई. छापखाना आल्यावर नकलांची परंपरा खुंटली, पण नदीत सोडण्याचा रिवाज मात्र मागे उरला. याच प्रदेशातील उत्तमदानपुरम् गावचे, 1855 मध्ये जन्मलेले उ. वे. स्वामिनाथ अय्यर कुंभकोणच्या महाविद्यालयात शिकवीत असता गावोगाव तामिळ पोथ्या शोधीत हिंडले, तेव्हा कित्येक पोथ्या नदीला वा अग्नीला अर्पण झाल्याचे त्यांना ऐकावे लागले. 1887 मध्ये त्यांनी ‘जीवकचिंतामणि’ छापून प्रसिद्ध केले. जे त्यांच्या हाती लागले नाही त्याची मोजदाद कोणी करावी?

म्हणून आज संग्रह सांभाळणाऱ्यांना प्रत्यक्ष हातांनी काम शिकविण्याची जी व्यवस्था उभी राहिली आहे, तिचे महत्त्व मला एखाद्या नव्या इमारतीहून अधिक वाटते. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पोथ्या व कागदपत्रे यांच्या दुरुस्तीचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम चालत आले आहेत. चेन्नईच्या सरकारी संग्रहालयाची रासायनिक प्रयोगशाळा या विद्येचे दक्षिणेतील जुने पीठ. आणि 2003 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनने देशभर शिबिरे भरवून, बिघाड होऊ न देण्याचे आणि झालेला बिघाड दुरुस्त करण्याचे, असे दोन्ही प्रकारचे शिक्षण दिले.

या शिक्षणाचा आरंभ हात आवरण्यापासून होतो, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. भक्तिभावाने पोथीला खोबरेल चोपडणे, भिजलेले बाड कडक उन्हात टाकणे, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावणे, सगळे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवणे, हे सारे उपाय प्रेमापोटी केलेले असतात आणि त्यांनीच सर्वाधिक नाश होतो. शिकाऊ माणसाने प्रथम पोथी केवळ पाहावयाची असते: दोरी कोठे काचते आहे, भोक किती रुंदावले आहे, डाव्या समासातील पत्रांक सलग आहेत की नाहीत. याची नोंद झाल्यावाचून दोरी सोडावयाची नाही. मग मऊ कुंचल्याने धूळ काढावयाची, तीही लांबीच्या दिशेने, कारण ताडपत्राचे तंतू त्याच दिशेने धावतात आणि आडवा हात फिरला की ते उकलतात. दक्षिणेत अक्षरे लोखंडी लेखणीने कोरलेली असतात, म्हणून पान किंचित ओलसर कापसाने पुसता येते. परंतु शाईने लिहिलेले पान आढळले तर द्रव पदार्थ वर्ज्य. पुसल्यावर गवती चहाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावयाचा, त्याने पान लवचीक होते आणि किडाही दूर राहतो. शेवटी काजळी तेलात कालवून पानावर फिरवावयाची आणि कोरड्या फडक्याने पुसून घ्यावयाची: वरची काजळी निघून जाते, कोरलेल्या रेघांत तेवढी राहते, आणि क्षणापूर्वी कोरे भासणारे पान ओळीमागून ओळ वाचता येऊ लागते. हे एकदा स्वतःच्या हातांनी केलेला मनुष्य पुन्हा पोथी नदीत सोडणार नाही, असा माझा विश्वास आहे.

सरस्वती महालात जुन्या घरगुती औषधींचाही उपयोग होत आला आहे: वेखंड, कलौंजी, लवंग, मिरे व दालचिनी यांची भरड कापरासह कापडी पुरचुंडीत बांधून कपाटात ठेवावयाची, आणि तिचा वास उतरला की ती बदलावयाची. मठातल्या पुजाऱ्याला आणि अग्रहारातल्या आजीबाईंना हे सहज जमण्यासारखे आहे, आणि शिबिरांचा खरा रोख त्यांच्याकडेच असावा. मन्नारगुडीसारख्या ठिकाणी समर्थ संप्रदायाचे मठ झाले. तिरुविशनल्लूर, म्हणजे तंजावरच्या गादीवरील शहाजीराजांनी पंडितांना इनाम दिलेले शहाजीराजपुरम्, विद्वानांचे गाव. अशा गावांतील फडताळांपर्यंत ग्रंथालयाचा कर्मचारी कितीदा पोचणार?

मोडी कागदांची अडचण याहून वेगळी आहे. कागद दुरुस्त करणारा तामिळ कारागीर खळ आणि पातळ जपानी कागद वापरून फाटलेला बंद उत्तम सांधतो; शाई पाण्याने विरघळते का, याची कोपऱ्यावर एका थेंबाने परीक्षा घेतल्यावाचून तो कागद ओला करीत नाही. परंतु मोडी न वाचणाऱ्याला सुटलेल्या तुकड्यांचा अनुक्रम लावता येत नाही. 1981 मध्ये स्थापन झालेल्या तंजावरच्या तामिळ विश्वविद्यालयाने मोडी कागदांची तामिळ भाषांतरे प्रसिद्ध करून मोठेच काम केले. आता पुणे, धुळे, कोल्हापूर येथे मोडी शिकलेल्या तरुणांनी काही महिने तंजावरास राहून त्या कारागिराशेजारी बसावे. त्यांनी तुकडे वाचून लावून द्यावेत, त्याने ते सांधावेत, आणि जाताना ताडपत्राला काजळी कशी द्यावी हे त्याच्याकडून शिकून घ्यावे. महाराष्ट्रातील संस्थांनी आणि सरकारने प्रवासखर्चाची तजवीज केली, तर हे येत्या उन्हाळ्यातही सुरू होऊ शकेल.